सोसायटीत आयपी कॅमेरे बसवायचे आहेत, आधी काय ठरवावं?

परळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी परळची. दोन विंग, पाच मजले, ४० घरं. गेल्या वर्षापासून मी सचिव आहे.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कंपाउंडमधून एका सभासदाची मोटारसायकल चोरीला गेली. आठ कॅमेरे चालू होते, रेकॉर्डिंगही होतं. पेनड्राइव्ह घेऊन पोलिस ठाण्यात गेलो. टोपी घातलेला एक माणूस गाडी ढकलत नेतो, याच्या पलीकडे त्यात काही दिसेना. चेहरा म्हणजे नुसता डाग. त्यात रेकॉर्डिंगवरची वेळ रात्रीची १ वाजून २० मिनिटं, म्हणून ११ नंतरच्या पाळीच्या वॉचमनला दोन दिवस बोलणी खावी लागली. नंतर समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं की चोरी १० वाजून ५० मिनिटांनी झाली. म्हणजे त्याची पाळी सुरूही झाली नव्हती. त्याची माफी मी मागितली, पण ते दोन दिवस त्याला परत देता येणार नाहीत.

आता जुनं सगळं काढून १४ आयपी कॅमेरे (नेटवर्कच्या केबलने जोडायचे) बसवायचं ठरतंय. तीन कोटेशनं आलीत. तिन्हींत सगळे कॅमेरे ४ मेगापिक्सेल, सगळ्यांना २.८ मिमीची लेन्स. एकाने ४ टीबीच्या डिस्कमध्ये महिनाभर रेकॉर्डिंग राहील असं लिहून दिलंय. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. तिथे उभं राहून मला लोकांना सांगता आलं पाहिजे की पैसे कशासाठी लागताहेत. जाणकारांनी मदत करावी.

मुलुंडवासी

वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

वायरमन_भांडुप

सचिवसाहेब, मी १४ वर्षं हेच काम करतोय. कोटेशनं तूर्त बाजूला ठेवा. एक कागद घ्या, त्यावर १४ ओळी आखा आणि प्रत्येक कॅमेऱ्यापुढे लिहा की याच्याकडून मला कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय. ‘गेटमधून आलेला अनोळखी माणूस कोण?’ हा एक प्रश्न. ‘कंपाउंडमध्ये कोणी आहे का?’ हा वेगळा. ‘गाडीचा नंबर काय?’ हा तिसरा. तिघांना एकच कॅमेरा चालत नाही, आणि हे न ठरवता केलेलं काम पुढे असंच निघतं जसं तुमचं निघालं.

आता हिशोब. आयईसी ६२६७६-४ नावाचं मानक आहे, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत एका मीटरमागे किती पिक्सेल (चित्राचे ठिपके) पडायला हवेत ते दिलं होतं. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची तर मीटरला २५०. ओळखीचा माणूस ‘हा तोच’ असं सांगायचं तर १२५. नुसतं कोणीतरी आहे एवढंच कळायचं तर २५ सुद्धा पुरतात.

तुमचा जुना कॅमेरा १०८० चा असेल तर चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. कंपाउंड १८ मीटर रुंद धरलं तर मीटरला १०६ पडले. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद, म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला १७ ठिपके. एवढ्यात डोळे-नाक उमटत नाहीत. कॅमेरा खराब नव्हता, त्याला सांगितलेलं कामच त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

४ मेगापिक्सेल म्हणजे रुंदीला २५६० पिक्सेल. मीटरला २५० हवे असतील तर चित्रात जास्तीत जास्त सव्वादहा मीटर रुंदीचा पट्टा घेता येतो. २.८ मिमीची लेन्स साधारण १०० अंशांचा कोन पाहते, त्यामुळे चारेक मीटरच्या पुढे उभ्या माणसाची ओळख पटण्याची खात्री राहत नाही. ६ मिमीला तेच अंतर अकरा मीटरच्या आसपास जातं, १२ मिमीला वीसच्या वर. अर्थात लेन्स जितकी लांबचं बघणारी तितका कोन अरुंद. सगळीकडे २.८ लावणं बसवणाऱ्याला सोपं, कारण कशावरही नेम धरावा लागत नाही, स्क्रीनवर सगळं कंपाउंड दिसतं आणि कमिटी खूश होते. गेटवर मात्र ती लेन्स घेऊ नका.

उंचीही बघा. चोर तोडेल म्हणून कॅमेरा पंधरा फुटांवर लावतात आणि मग टोपीचा वरचा भाग तेवढा रेकॉर्ड होतो. चेहरा टिपायचा कॅमेरा आठ-नऊ फुटांवर. तोडायची भीती असेल तर त्याच्याकडे बघणारा दुसरा कॅमेरा वर लावा.

गाडीच्या नंबरचं काम एकदम वेगळं. रात्री हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट पांढरी फटक होते. त्याला शटर (एका चित्रासाठी प्रकाश आत घ्यायचा वेळ) १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं, आणि मग बाकीचं चित्र काळंच येतं. म्हणून नंबरसाठी घेतलेल्या कॅमेऱ्याकडून चेहऱ्याची अपेक्षा धरू नये.

परळकर

वायरमनदादा, मनापासून आभार. १७ ठिपक्यांचा हिशोब वाचून आज जुनं रेकॉर्डिंग थांबवून मोठं करून पाहिलं. खरंच तेवढेच आहेत. सभेत हेच दाखवतो, यापेक्षा वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

डिस्कबद्दल कोणी सांगेल का?

नेटवर्की

मी सांगते. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट, हाच बिटरेट) चालला तर दिवसाला ४३.२ जीबी लिहितो. १४ कॅमेरे म्हणजे दिवसाला ६०५ जीबी, ३० दिवसांचे १८ टीबी. ४ टीबीत जेमतेम साडेसहा दिवस बसतील. एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) वर २ एमबीपीएस ठेवलंत तर निम्मं, म्हणजे महिन्याला सुमारे ९ टीबी. १० टीबीची डिस्क घ्या, ती सुद्धा कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेली, वेस्टर्न डिजिटल पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या जातीची. साधी कॉम्प्युटरची डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

ज्यांनी महिना लिहून दिलाय त्यांना विचारा की बिटरेट किती धरलाय आणि रेकॉर्डिंग सतत की हालचाल झाली तरच. हालचालीवरच ठेवलं तर जागा वाचते, पण झाडाची फांदी हलली की रेकॉर्ड, आणि अंधारात माणूस हळू सरकला की कधी कधी काहीच नाही. गेट आणि जिना सतत ठेवा. गच्चीवरचा कॅमेरा हालचालीवर चालेल.

परळकर, तुमच्या पोस्टमधली अडीच तासांची चूक वाचून मात्र थांबले. चीनची वेळ आपल्यापेक्षा बरोबर अडीच तास पुढे आहे. यंत्र कारखान्यातून आलं त्या टाइमझोनवरच राहिलं, कोणी भारताचा +५:३० केलाच नाही. एका सेटिंगमुळे एका निरपराध माणसावर संशय आला. एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवायची सोय) चालू करा, सर्व्हर म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा देता येतो: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग. आणि कॅमेऱ्यांनी वेळ एनव्हीआरकडून घ्यावी असं ठेवा. नाहीतर चौदा कॅमेरे चौदा वेगवेगळ्या वेळा दाखवतात.

वायरमन_भांडुप

ताई म्हणतात ते शंभर टक्के. आणि पीओईबद्दल (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणं) राहिलं होतं ते लिहितो, कारण मुंबईत निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

‘दिवसा कॅमेरा छान चालतो, रात्री मधेच बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो’ असं कोणी सांगितलं की मी आधी कॅमेऱ्याकडे बघतच नाही. दिवसा कॅमेरा चार-पाच वॉट खातो. अंधार पडला की आयआरचे (इन्फ्रारेड, अंधारात बघण्यासाठीचे) दिवे लागतात आणि तोच आठ-नऊ वॉटवर जातो. ८०२.३एएफ या पीओई मानकाचा स्विच (कॅमेऱ्यांच्या केबल एकत्र येतात ती पेटी) एका पोर्टला (केबल लावायच्या खोबणीला) १५.४ वॉट देतो हे खरं, पण सगळ्या पोर्टांचं मिळून त्याचं बजेट वेगळं असतं. आठ पोर्टांचा, एकूण ६० वॉटचा स्विच घेतलात आणि आठही कॅमेऱ्यांनी रात्री नऊ-नऊ वॉट मागितले, तर ७२ कुठून आणणार? स्विच घेताना पोर्ट मोजू नका, वॉट मोजा.

दुसरं कारण केबल. कॅट ६ नावाखाली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास मिळते. ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या दीडपट, लांबवर कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पोचत नाही, आणि आपल्या खाऱ्या हवेत कनेक्टरपाशी ती लवकर खराब होते. आणि स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरच्या आत राहा, पॅचकॉर्ड (टोकाच्या छोट्या तारा) धरून.

दोन विंगच्या मध्ये तांब्याची तार उघड्यावरून टाकू नका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, वीज जवळपास कडाडली तरी दोन्ही टोकांचे स्विच जातात. मधे फायबर टाका. ऑप्टिकल केबल वीज वाहून नेत नाही, आणि अंतराचा प्रश्नही मिटतो.

पावसाचं: आयपी ६७ (हे आयपी वेगळं, धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेला कॅमेरा पाणी आत घेत नाही, पण त्याच्या शेपटीचा जोड उघडा राहिला तर उपयोग काय? जोड जंक्शन बॉक्सच्या आत, आणि केबल खालून वर जाईल असा झोल देऊन, म्हणजे पाणी झोलावरून टपकतं, आत शिरत नाही. छज्ज्याखाली लावा, पण छज्ज्याला अगदी चिकटून नको, आयआर भिंतीवरून परत येऊन चित्र धुरकट होतं. कोळ्याचं जाळंही तेच करतं. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये काच पुसणं वार्षिक देखभालीत लिहून घ्या.

अजून एक. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारच्या सुरक्षा निकषांवर तपासणी लागते. कोटेशनमध्ये नेमकं मॉडेल लिहून घ्या आणि त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र मागा.

शिवडीची_मावशी

एनव्हीआर कुठे ठेवणार हे कोणीच विचारलं नाही. परळ म्हणजे हिंदमाता जवळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस आम्ही पाहिलाय, आणि त्यानंतरही दरवर्षी तुमच्या भागात पाणी भरतं. वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलाखाली यंत्र ठेवलेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. पाणी आलं की रेकॉर्डिंग गेलं, आणि चोरही नेमकं तेच यंत्र उचलून नेतो. पहिल्या मजल्यावर किंवा वर, कुलपाच्या जाळीदार कपाटात ठेवा. हवा खेळली पाहिजे, डिस्क तापते.

आणि वीज. मुंबईत वीज जात नाही असं आपण धरून चालतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सगळं शहर कित्येक तास बंद होतं. लिफ्ट बंद, जिन्यात अंधार, कोण आलं कोण गेलं कळत नव्हतं. कॅमेरे तेव्हाच हवे होते.

नेटवर्की

मावशींचं अगदी बरोबर. १४ कॅमेरे, दोन स्विच, एनव्हीआर मिळून दीड-दोनशे वॉट धरा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस थोडाच वेळ टिकेल. १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर घेतला तर पाच-सहा तास निघतात. पीओईचा हाच फायदा, बॅकअप एका जागी दिला की सगळे कॅमेरे चालतात.

आता नेटवर्कचं, आणि हे कळकळीने सांगते. कॅमेरे सोसायटीच्या वायफायवर टाकू नका. वेगळा स्विच, वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा बाकीच्यांपासून तोडलेला भाग). कॅमेऱ्याला इंटरनेटवर जायची गरजच नसते, फक्त एनव्हीआरशी बोलता आलं पाहिजे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यासाठी फार हुशारी लागली नव्हती, कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या एकेक करून लावून पाहिल्या एवढंच. त्याच यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पडल्या. ते कॅमेरे कोणाच्या तरी दुकानातले, सोसायटीतलेच होते.

म्हणून: यूपीएनपी बंद, पोर्ट फॉरवर्डिंग नको (दोन्हींमुळे इंटरनेटवरून आत यायला दार उघडतं). बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरची कुलूपबंद खासगी वाट). एनव्हीआरवर तीन वेगळे युजर करा. वॉचमनला फक्त लाइव्ह, सचिव-खजिनदारांना मागचं रेकॉर्डिंग बघायची परवानगी, ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात सोसायटीच्या तिजोरीत. बसवणाऱ्याने काम संपवून जाताना त्याचा युजर काढून टाकायचा. हे करारातच लिहा.

आणि कॅमेरे-एनव्हीआर एकाच कंपनीचे असोत वा नसोत, ऑनव्हिफ प्रोफाइल टी आहे का बघा. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केलेलं हे मानक, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलतात. उद्या एक कॅमेरा बदलावा लागला तर सगळं बदलावं लागणार नाही.

गॅलरीतून

चर्चा चांगली चालली आहे, पण मला राहवत नाही म्हणून लिहिते. मी लालबागला चाळीत राहते. आमच्या मजल्यावर कॅमेरा बसवला तेव्हा कोणाला विचारलं नाही. सामायिक गॅलरी म्हणजे आमच्यासाठी घराचाच भाग. तिथे आम्ही धान्य निवडतो, केस वाळवतो, मुलांना जेवू घालतो. रात्री उकाडा असला की बायका तिथे बसतात. तो कॅमेरा माझ्या दारातून थेट आतल्या खोलीत बघत होता. मी तीन वेळा सांगितलं. ‘सुरक्षेसाठीच आहे’ हे एकच उत्तर. शेवटी आम्ही मजल्यावरच्या सगळ्या जणी कमिटीसमोर गेलो आणि स्क्रीन लावायला सांगितली. माझं देवघर त्या स्क्रीनवर दिसलं तेव्हा सगळे गप्प झाले.

परळकर, कृपा करून जागा ठरवण्याआधी प्रत्येक मजल्यावर विचारा. स्क्रीनवर काय दिसणार ते लोकांना दाखवा. आवाज रेकॉर्ड होतो का तेही सांगा.

परळकर

ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या यादीतले चार कॅमेरे मजल्यांच्या पॅसेजमधले होते. दोन जिन्याच्या तोंडाशी नेतोय, म्हणजे येणारा-जाणारा दिसेल, दार दिसणार नाही. दोन रद्दच करतो. म्हणजे १२ झाले.

काळाकोट

गॅलरीतून यांच्या मुद्द्याला कायद्याचाही आधार आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. सोसायटीने ठराव करून लिहावं: कॅमेरे कुठे, रेकॉर्डिंग किती दिवस, कोण बघू शकतो, बघितलं की रजिस्टरमध्ये कोण सही करतो. प्रायव्हसी मास्कची सोय बहुतेक एनव्हीआरमध्ये असते, ज्या खिडक्या टाळता येत नाहीत त्यांच्यावर काळा चौकोन टाका. माइक बंद.

पुरावा म्हणून वापरायचं तर मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून देऊ नका. जालन्याच्या एका निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरच सगळं अडलं होतं. २०२० च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्र न्यायालयात आणलं नाही तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलमधून काढलेला, ती बदलली की बदलणारा आकडा) लिहावं लागतं. म्हणून एनव्हीआरमधून मूळ स्वरूपात एक्सपोर्ट करा, लगेच हॅश काढा, आणि त्या क्षणी एनव्हीआरची वेळ व खरी वेळ यांत किती फरक होता ते रजिस्टरमध्ये लिहा. तुमच्या वॉचमनच्या बाबतीत तेवढी एक नोंद असती तरी पुरलं असतं.

मुलुंडवासी

एक बारीक गोष्ट. आमच्याकडे गेल्या वर्षी गणपतीचा मंडप बरोबर गेटच्या कॅमेऱ्यासमोर आला. दहा दिवस नुसतं कापड रेकॉर्ड झालं, आणि सगळ्यात जास्त बाहेरची माणसं त्याच दिवसांत येतात. मंडपाची जागा ठरवताना कॅमेऱ्याचा नकाशा सोबत ठेवा. तोरणाच्या लुकलुकत्या दिव्यांनी हालचालीचं रेकॉर्डिंगही अखंड चालू राहतं. वाचनखूण साठवली.

परळकर

सर्वसाधारण सभा झाली, ठराव मंजूर झाला. १४ ओळींचा कागद (आता १२) छापून सगळ्यांना वाटला होता. प्रश्न आले, पण भांडण झालं नाही. तीनपैकी ज्यांनी प्रत्येक कॅमेऱ्यापुढे मीटरला किती पिक्सेल ते लिहून दिलं त्यांना काम दिलं. ते सगळ्यात स्वस्त नव्हते.

काम पूर्ण झालं असं ते म्हणाले तेव्हा मी शेवटचा हप्ता थांबवला आणि वायरमनदादांनी खासगी निरोपात सुचवल्याप्रमाणे चाचणी घेतली. माझा भाचा इकडे कोणाच्या ओळखीचा नाही. रात्री साडेदहाला त्याला टोपी घालून नेहमीच्या चालीने गेटमधून आत, बी विंगच्या जिन्याने वर आणि परत बाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फक्त रेकॉर्डिंगची फाइल घेऊन तीन सभासदांना दाखवली, आणि त्याच्यासकट पाच मुलांचे फोटो समोर ठेवले. गेटच्या कॅमेऱ्यावरून तिघांनीही त्याला ओळखलं. वेळ सेकंदापर्यंत जुळली.

बी विंगच्या जिन्यात मात्र चेहरा फरफटल्यासारखा येतोय. थांबलेला माणूस स्वच्छ, चालणारा पुसट. कॅमेरा तोच, लेन्स तीच. काय असावं?

वायरमन_भांडुप

शटर. अंधार आहे म्हणून कॅमेरा आपोआप १/२५ वर गेलाय. माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो, १/२५ सेकंदात साडेपाच सेंटीमीटर सरकतो. मीटरला २५० पिक्सेल धरले तर १४ पिक्सेल फरफट, आणि सगळा चेहराच ४० पिक्सेलांचा. शटर १/१०० वर बांधा. चित्र काळवंडेल, म्हणून जिन्यात उजेड वाढवा. उजेड हा सगळ्यात स्वस्त कॅमेरा आहे.

परळकर

शटर बांधलं. फरफट गेली, पण तुम्ही म्हणालात तसं चित्र काळं आलंय. वॉचमन शिडी घेऊन तयार आहे, उद्या जिन्यात दुसरी ट्यूब लावतोय. रात्री भाच्याला परत चालवतो आणि काय येतं ते इथे लिहितो.